खालच्या ट्यूनिंगमधील इलेक्ट्रिक गिटारचे इंटोनेशन

तार खुली छेडली तर सुरात आणि वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबली की बेसूर, असे होऊ नये म्हणून ब्रिजवरचे (तारा जिथे अडकवतात त्या भागावरचे) सॅडल, म्हणजे तार टेकवणारा छोटा तुकडा, पुढे-मागे सरकवून प्रत्येक तारेची वाजती लांबी नेमकी करून घेणे म्हणजे इंटोनेशन लावणे. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हे काम फारसे अवघड नसते. तारा दोन-चार अर्धस्वर (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर) उतरवल्या की मात्र ते चिघळते आणि नुसते स्क्रू पिळून सुटत नाही.

प्रमाण ट्यूनिंगमध्ये सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार ई या स्वरावर असते (८२.४१ हर्ट्झ). मेटल (जोरकस रॉक) वाजवणारे ती डी (७३.४२), सी (६५.४१) किंवा बीपर्यंत (६१.७४) उतरवतात. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडच्या टोनी आयोमी या गिटारवादकाने १९७१च्या सुमारास काही गाण्यांसाठी संपूर्ण गिटार तीन अर्धस्वर खाली आणली. तो डावखुरा; कारखान्यातल्या अपघातात तारा दाबणाऱ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेल्यामुळे सैल तारा त्याला सोयीच्या पडत. ठाण्यात महापालिका दरवर्षी पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते. अशा गावात नातवाने गिटार 'सी'ला उतरवली म्हणजे काय केले, हे पेटीवर गाणाऱ्या आजोबांना 'पांढरी तीनवरून पांढरी एकला आणली' एवढ्यावर कळते. आयोमीची सहावी तार काळी एकला होती.

बेसूरपणाचे मूळ ताणात आहे. फ्रेटवर दाबताना तार किंचित ओढली जाते, ताण वाढतो आणि सूर चढतो. शिवाय जाड तार काहीशी सळईसारखी वागते, त्यामुळेही सूर हिशेबापेक्षा वर जातो. सॅडल थोडे मागे ठेवून लांबी वाढवतात ती या दोन्ही चढांची भरपाई म्हणून. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सूर दोन अर्धस्वर उतरवला की ताण सुमारे २१ टक्क्यांनी घटतो, चार अर्धस्वर उतरवला की ३७ टक्क्यांनी. दहाच्या सेटमधली ४६ची तार (आकडे इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी सांगतात, सेटचे नाव सर्वांत बारीक तारेवरून) २५.५ इंच स्केलच्या, म्हणजे वाजत्या लांबीच्या, गिटारवर ईला साधारण ८ किलोच्या ताणाखाली असते, तीच सीला आणली की ५ किलोवर येते. बोटाने पडणारी ओढ तितकीच राहते, पण मूळ ताण कमी झाल्याने तिचा सुरावरचा परिणाम वाढतो.

म्हणून पहिला उपाय सॅडलचा नाही, तारांचा आहे. सीला पूर्वीइतकाच ताण हवा असेल तर ४६च्या जागी ५८च्या आसपासची तार लागते. नऊचा सेट सीला उतरवून त्याचे इंटोनेशन लावत बसणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे. जाड सेटांचीही एक खोड असते: तिसरी तार २४ची साधी, म्हणजे न गुंडाळलेली असेल तर सगळ्यांत जास्त तीच छळते. तिथे गुंडाळलेली तार घेतलेली बरी. स्केलची लांबीही हिशेबात येते. २४.७५ इंचाच्या गिटारवर त्याच तारेला त्याच सुरासाठी २५.५ इंचाच्या तुलनेत सुमारे ६ टक्के कमी ताण मिळतो, २७ इंचाच्या बॅरिटोनवर (खालच्या सुरांसाठीच्या लांब गिटारवर) १२ टक्के जास्त.

जाड तारा चढवल्या की नट (मानेच्या टोकाची, तारा टेकणारी खाचांची पट्टी) तपासावा. खाचा ४६च्या मापाने कापलेल्या असतील तर ५८ची तार तळाशी बसत नाही, वर लटकते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे स्वर चढे लागतात. सॅडल कितीही हलवले तरी हा दोष जात नाही. पेग (खुंटी) फिरवताना 'टिंग' असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाच योग्य जाडीच्या कानशीने रुंद करून घ्यावी. एकूण ताण बदलल्याने मानेची वाकही बदलते, म्हणून ट्रस रॉड (मानेतली वाक जुळवणारी सळई) आणि तारांची उंची आधी, इंटोनेशन सर्वांत शेवटी.

मापण्याची रीत अशी: तार सुरात लावावी, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर मानेकडे. प्रत्येक हालचालीनंतर तार पुन्हा सुरात लावायची. २५.५ इंच स्केलवर सॅडल १ मिलिमीटर मागे नेले की दाबलेला स्वर खुल्या तारेच्या तुलनेत सुमारे अडीच ते पावणेतीन सेंट उतरतो (एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट). ८ सेंटांचा चढ काढायला ३ मिलिमीटर लागतात, आणि खालच्या ट्यूनिंगमध्ये सहाव्या तारेचे सॅडल नेमके इथेच मागच्या टोकाला जाऊन टेकते. मग स्क्रूवरची स्प्रिंग कापून लहान करतात किंवा काढून टाकतात. काही ब्रिजवर सॅडल उलटे बसवूनही थोडी जागा मिळते.

सैल तारेचा सूर छेडल्याक्षणी चढा असतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. ट्यूनरवर हलक्या हाताने तार वाजवून काटा मध्यावर आणणारे इथे फसतात. पाम म्यूट करून (तळहाताची कड तारांवर टेकवून) तोडून वाजवणाऱ्याचा स्वर स्थिरावेपर्यंत संपलेला असतो, ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त चढा भाग पडतो. म्हणून ट्यूनिंग आणि इंटोनेशन दोन्ही त्याच पिकने (छेडण्याच्या पातीने), त्याच जोराने वाजवून लावावीत, आणि बाराव्याबरोबर पाचव्या-सातव्या फ्रेटवरही पाहावे, कारण रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे सुरावटीचे तुकडे) तिथेच वाजतात. डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजात) दोन-तीन तारा एकत्र वाजताना काही सेंटांचा फरकही गढूळ घरघर होऊन ऐकू येतो. क्लिप ट्यूनर (गिटारच्या डोक्याला चिमट्याने लावायचे) ६० हर्ट्झच्या आसपास बरेचदा गोंधळतात. केबल लावून, नेक पिकअपवर (मानेजवळच्या, तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागावर), टोन कमी करून वाजवले तर आकडा स्थिर दिसतो. पिकअप फार वर असेल तर त्याचे चुंबक जाड तारेला ओढते आणि हार्मोनिकच खोटा येतो, तेव्हा तेही खाली घ्यावे.

ठाणे-नवी मुंबईत हवामानाचा भाग वेगळा धरावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर असते. लाकूड ओल धरते, मान हलते आणि मेमध्ये लावलेले इंटोनेशन ऑगस्टमध्ये जागेवर राहीलच असे नाही. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी हा खाडीलगतचा पट्टा असल्याने सॅडलचे बारीक स्क्रू गंजून अडकतात. ते जोर लावून फिरवले की डोके झिजते. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकून तासभर थांबावे. घामाने आणि गंजाने मेलेल्या तारेवर इंटोनेशन लागतच नाही, कारण तिचे वजन सगळीकडे सारखे उरलेले नसते. ट्रान्स-हार्बर लोकलच्या दमट डब्यातून आणलेली गिटार जॅम रूमच्या एसीत उघडली की तारा आकसून सूर चढतो. अर्धा तास तिला तिथेच राहू द्यावे, मग ट्यूनर लावावा.

तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगांच्या तोलावर हलणारा ब्रिज) असलेल्या गिटारवर एक तार उतरवली की स्प्रिंगांचा तोल जाऊन बाकीच्या चढतात. आधी मागच्या स्प्रिंगांचा ताण जुळवून ब्रिज सपाट करावा लागतो. दर गाण्याला ट्यूनिंग बदलणाऱ्याने अशी गिटार न घेतलेलीच बरी. तिरक्या फ्रेटच्या मल्टिस्केल गिटारमध्ये जाड तारांना जास्त लांबी मिळते, आणि एव्हरट्यून ब्रिज स्प्रिंगच्या साहाय्याने ताण कायम ठेवून छेडतानाचा चढ रोखतो. सतार वाजवणारा पडदाच सरकवून मोकळा होतो. गिटारच्या ठोकून बसवलेल्या फ्रेटना ती सोय नाही, त्यामुळे सगळ्या फ्रेटवर सगळ्या तारा शंभर टक्के सुरात कधीच येत नाहीत. रिफ ज्या फ्रेटवर वाजतात तिथला फरक कमीत कमी राहील असे सॅडल बसवतात आणि उरलेले दोन-तीन सेंट वरच्या फ्रेटवर सोडून देतात.