गोळेवाल्याचा बर्फ आणि केदारकंठाची वाट

उत्तराखंडातल्या सांकरी गावाहून केदारकंठाला निघालेल्या सह्याद्रीच्या ट्रेकरला धक्का बसतो तो उंचीचा नव्हे. शिखर साधारण 12,500 फुटांवर आहे, हे तो वाचूनच आलेला असतो. धक्का देते ती वाट. आपल्याकडे वाट जितकी मळलेली, तितकी भरवशाची. उत्तराखंडात जानेवारीत नेमकं उलटं. शेकडो बुटांनी तुडवलेल्या वाटेवर पाय ठरत नाही आणि झाडीतल्या कडेच्या, कोणी न शिवलेल्या बर्फात मात्र बूट छान रुततो.

याचं उत्तर गोळेवाल्याच्या गाडीवर मिळतं. तो रंध्यावर बर्फ किसतो, चुरा मुठीत घेऊन काडीभोवती दाबतो आणि क्षणात त्याचा एकसंध गोळा होतो. पाक नंतर पडतो, तेव्हा चिकटवायचं श्रेय साखरेला देता येत नाही. बर्फाचे दोन तुकडे नुसते भिडले तरी चिकटतात, याकडे मायकल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1850 मध्ये लक्ष वेधलं. त्याचा तर्क असा, की शून्याच्या खालीही बर्फाच्या अंगावर पाण्यासारखा एक पातळ थर असतो. दोन तुकडे भिडले की तो थर मध्ये सापडतो, गोठतो आणि सांधा बनतो. वरच्या रेणूंना एका बाजूने धरायला कोणीच नसतं, म्हणून ते आतल्यांइतके जखडलेले राहत नाहीत. हा थर काही नॅनोमीटरचाच असतो, पण असतो.

नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते. त्याचा घनमीटरभर ढीग 50 ते 100 किलो भरतो, तर घट्ट बर्फाचा 917 किलो. बूट पडला की हवा निघून जाते, कण एकमेकांना टेकतात आणि सांधे धरू लागतात. बूट उचलल्यावरही हे काम थांबत नाही, रात्रभर चालूच राहतं. म्हणजे पायवाट हा एक लांबलचक, घट्ट दाबलेला गोळाच.

आपण घसरतो कशाने? ‘वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो’ हे उत्तर बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण हिशोब करून पाहा. सॅकसकट 80 किलोचा माणूस एका बुटावर उभा राहिला आणि तळवा 250 चौरस सेंटीमीटर धरला, तर दाब होतो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश. तेवढ्याने बर्फाचा वितळणबिंदू उतरतो सुमारे 0.002 अंशाने. पहाटेच्या उणे दहात त्याने काय होणार! घसरवतो तो फॅरेडेचा थरच, आणि बूट सरकायला लागला की घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. शिवाय तुडवलेल्या बर्फात सोलच्या नक्षीला रुतायला जागाच नसते. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटाखाली बसवायचे धातूचे टोकदार दात, लावायचे ते यासाठी.

शिखराच्या दिवशी गाइड रात्री दोन-अडीचलाच उठवतात. सूर्योदय गाठायचा असतो हे खरं, पण खरी निकड बर्फाची. ताजा बर्फ दिसणारा प्रकाश 80-90 टक्के परतवतो, म्हणून तो शुभ्र. उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त किरणांच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ काळा असतो; ते तो सहज शोषतो आणि तितक्याच सहज सोडतो. निरभ्र रात्री तो आपली उष्णता आकाशाकडे बेधडक सोडत राहतो आणि त्याचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. महाबळेश्वरला पारा शून्याच्या वर असताना वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, त्यामागेही हाच प्रकार. उघड्या उतारावर आदल्या दुपारी ओला झालेला बर्फ रात्री असा गोठला की त्याची टणक पापडी होते. पहाटे तिच्यावरून माणूस न रुतता चालतो.

अकराच्या सुमारास उतरताना हीच पापडी दगा देते. उन्हाने सांधे सैल झालेले असतात. एक पाऊल टिकतं, दुसरं टिकतं, तिसऱ्याला माणूस मांडीपर्यंत आत. खडकाजवळ तर जास्तच, कारण काळा दगड ऊन पिऊन भोवतीचा बर्फ आतून पोखरतो. आमच्यातल्या एकाने पाय कसाबसा ओढून काढला, पण बूट आतच राहिला. गाइडने हातांनी उकरून तो वर काढला, आतला बर्फ झटकला आणि बोट दाखवलं ते तुडवलेल्या पायवाटेकडे. सकाळी जिला शिव्या घातल्या होत्या, तिच्यावर आता वरचा बोटभर थर मऊ झाला होता आणि खालचा दगडासारखा होता. टाच रोवत आम्ही मुकाट तिच्यावरून उतरलो.