वासराचं पोट गाईचं कसं होतं

गाईला चार पोटं असतात हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय, पण नुकत्याच जन्मलेल्या वासराचं पोट गाईसारखं नसतंच मुळी. कप्पे चारच, पण सगळ्यात मोठा असतो तो चौथा, आपल्या जठरासारखा ॲसिड सोडणारा, आणि पुढे १०० लिटरच्या वर माल मावणारं कोटीपोट, म्हणजे पहिला कप्पा, तेव्हा इवलंसं असतं. कारण वासरू फक्त दूध पितं. ते प्यायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटून तिची नळी होते आणि दूध कोटीपोट टाळून सरळ चौथ्या पोटात उतरतं.

मग वासरू चाऱ्याला तोंड लावायला लागतं. आईच्या चाटण्यातून, गोठ्यातून जिवाणू पोटात गेलेले असतातच, ते चारा आंबवतात, त्यातून ॲसिडं तयार होतात, आणि खास करून ब्युटिरिक ॲसिडमुळे कोटीपोटाच्या आतल्या अस्तरावर टॉवेलच्या लवीसारखे उंचवटे वाढतात. नुसत्या दुधावर ठेवलं तर वासरू अंगाने वाढतं पण कोटीपोट मागेच राहतं. म्हणून तर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांसाठीचा धान्याचा खुराक, पहिल्या आठवड्यापासून थोडा थोडा समोर ठेवतात. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, की खाणं आधी येतं आणि पोट त्याच्या मागून घडतं!

बेडकात नेमकं उलटं होतं. पावसाळ्यात डबक्यातलं बेडकाचं पिल्लू पोटाकडून बघा, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं लांबलचक आतडं गुंडाळलेलं दिसतं, कारण ते मुख्यतः शेवाळ खातं. बेडूक होऊन किडे खायच्या आधी तेच आतडं आखडून साधारण पाव लांबीचं होतं. मांस पचायला सोपं, गवत-शेवाळ अवघड.

गाईकडेही गवतातलं सेल्युलोज तोडणारं स्वतःचं एन्झाइम नाहीच, सगळं काम जिवाणूंचं. त्यांना ॲसिड फार वाढलेलं चालत नाही, म्हणून गाय तासन् तास रवंथ करते आणि दिवसाला १०० लिटरच्या आसपास लाळ गिळते, जिच्यात आपल्या खाण्याच्या सोड्यातलाच क्षार असतो.

आता याच पोटात लग्नातल्या उरलेल्या पोळ्या, भात, गोडधोड पाटीभर गेलं तर काय होईल? स्टार्च झपाट्याने आंबतो, लॅक्टिक ॲसिड साठतं, पीएच ५.५ च्या खाली जातो, रवंथ थांबतो, आणि गाय दगावूही शकते. लोक पुण्य म्हणून घालतात हो, मनापासून घालतात. पण कृपा करून घास म्हणून एखादी पोळी द्या, आणि पोटभर द्यायचं असेल तर कडब्याची पेंढी आणा.