गेमच्या डब्यात पिक्चर चालायचा, त्यामागची लेसरची गोष्ट

सोनी कंपनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, म्हणजे प्लेस्टेशन 2, जपानमध्ये आला 4 मार्च 2000 ला, किंमत 39,800 येन, आणि तो घेणाऱ्यांत बरेच जण असे होते की त्यांना गेमपेक्षा डीव्हीडी बघायची जास्त घाई होती. तेव्हा चांगला डीव्हीडी प्लेयर स्वस्त नव्हता, मग त्याच्या आसपासच्या पैशात प्लेयर आणि गेम दोन्ही मिळायलंय म्हटल्यावर कोण सोडतंय. आणि घरच्यांना पटवायलाही सोपं, नुसत्या गेमसाठी कोणते पप्पा एवढे पैसे काढतात, पण "ह्यात सगळ्यांना पिक्चर पण बघता येतो" म्हटलं की आई आपल्या बाजूनं बोलायला लागते.

पण मला खरी मजा वाटते ती आतल्या मशीनची. चकती उलटी करून उजेडात धरा, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात ना, ते तिथल्या बारीक खड्ड्यांच्या रांगांमुळं. आतून बाहेर गोल गोल जाणारी एकच लांब रांग असते, लेसर तिच्यावरून फिरतो आणि खाली आरशासारखा थर असल्यामुळं उजेड परत येतो. खड्डा इतका उथळ ठेवलेला असतो की खड्ड्यातून आलेला उजेड आणि बाजूच्या सपाट जागेवरून आलेला उजेड एकमेकांना बऱ्यापैकी मारून टाकतात, म्हणून तिथं परत येणारा उजेड कमी पडतो. खड्डा जिथं सुरू होतो किंवा संपतो तिथं 1, मधे सगळे 0. बस, एवढंच. लेसरला काय माहीत हे 1 आणि 0 गेमचे आहेत का पिक्चरचे!

मग सीडीत 700 एमबी आणि तेवढ्याच आकाराच्या डीव्हीडीत 4.7 जीबी कसे मावतात? एकाच वावरात पेरणीची तासं जवळजवळ धरली तर जास्त बसतात, तसंच. सीडीत खड्ड्यांच्या रांगेच्या दोन वेढ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रॉन (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डीव्हीडीत 0.74, आणि डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे चकतीत फक्त 0.32. पण एवढं बारीक वाचायचं तर लेसरचा ठिपकाही बारीक पाहिजे, आणि ठिपका किती बारीक होईल ते उजेडाच्या तरंगलांबीवर (ती जितकी कमी तितका ठिपका बारीक) आणि भिंगावर ठरतं. सीडीचा लेसर 780 नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळपास न दिसणारा, डीव्हीडीचा लाल 650 चा, आणि ब्लू-रेचा निळसर जांभळा 405 चा.

आता गंमत बघा, प्लेस्टेशन 2 चे मोठे गेम सीडीत मावत नव्हते, म्हणजे लाल लेसर बसवावाच लागणार होता. पिक्चरचा दाबून भरलेला डेटा उलगडायचं कामही त्याच्या चिपमधला एक भाग करायचा, आणि तो भाग गेममधल्या व्हिडिओसाठी तसाही लागायचाच. महागडं सामान आधीच डब्यात, पिक्चरसाठी वर फक्त थोडं सॉफ्टवेअर आणि लायसन्सचा खर्च.

आपल्याकडं मात्र हिशोब वेगळा होता. लातूर, नांदेड, परभणीकडं सीडीच्या दुकानात भाड्यानं मिळायच्या त्या व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर भरलेले पिक्चर, एक पिक्चर दोन-तीन चकत्यांचा, मधे उठून बदलायची, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली की संपलंच. कुणाच्या तरी पुण्याच्या मामानं आणलेला प्लेस्टेशन 2 टीव्हीच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांना जोडला, वर व्हीसीडी घातली, तर ती चालायचीच नाही! लेसर सीडी वाचू शकत होता, पण व्हीसीडीचं सॉफ्टवेअरच दिलेलं नव्हतं. आणि त्याच कंपनीनं त्याच्या आधीच्या प्लेस्टेशनचं एक पांढरं मॉडेल खास आशियातल्या बाजारासाठी काढलं होतं, त्यात व्हीसीडी चालायची. म्हणून माझं मत असं आहे की आपल्या भागात हा पिक्चरवाला मुद्दा जपान-अमेरिकेएवढा चाललाच नसणार.

गेमच्या डब्यात पिक्चरचा प्लेयर घालायचा हाच डाव प्लेस्टेशन 3 नं ब्लू-रे घेऊन अजून मोठा खेळला. नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेत त्याची किंमत 499 आणि 599 डॉलर, तर त्याच वर्षी आलेला पहिला सुटा ब्लू-रे प्लेयर जवळपास 1000 डॉलरचा. सोनी डबा तोट्यात विकायची आणि पुढं गेममधून वसूल करायची, म्हणून नुसता पिक्चर बघणाऱ्यालाही गेमचा डबाच स्वस्त पडला. समोर होतं एचडी डीव्हीडी, म्हणजे ब्लू-रेशी टक्कर घेणारी तोशिबा कंपनीची चकती, तीही 405 नॅनोमीटरच्याच लेसरवर. मायक्रोसॉफ्टचा गेमचा डबा एक्सबॉक्स 360, त्याला एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा 199 डॉलरला घ्यावा लागायचा आणि त्यात गेम चालायचेच नाहीत, मग मुद्दाम कोण घेणार. बऱ्याच घरात ब्लू-रे असा गेमच्या निमित्तानं आपोआप जाऊन बसला, पिक्चर कंपन्याही तिकडं वळल्या, आणि 19 फेब्रुवारी 2008 ला तोशिबानं एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं जाहीर केलं.

कुणाकडं अजून जुना प्लेस्टेशन 2 असेल आणि त्यात डीव्हीडीचे गेम चालतात पण सीडीवाले चालत नाहीत, किंवा उलटं होतंय, तर लगेच भंगारात टाकू नका. दोन्हीसाठी आत वेगवेगळे लेसर असतात, बऱ्याचदा त्यातला एकच थकलेला असतो. आधी भिंगावरची धूळ साफ करून बघा, नाहीच झालं तर दुरुस्तीवाल्याकडून लेन्सचा पूर्ण सेट बदलून घ्या.