हबमधील डायनामो आणि प्रवासातील चार्जिंग: तीन वॅटांची पार्श्वभूमी

इंदूरहून महू, जाम दरवाजा आणि मंडलेश्वर या वाटेने घाट उतरून महेश्वरला जाणारे, तसेच सायकलीवरून नर्मदा परिक्रमेला निघणारे मराठी सायकलस्वार आता सहज भेटतात. त्यांच्यासाठी फोन हा नकाशा, कॅमेरा, टॉर्च आणि घरच्यांशी बोलण्याचे साधन असे सर्व काही असतो. मुक्कामाच्या धर्मशाळेत किंवा आश्रमात एखाद्याच प्लगवर दहा जणांचे फोन लागलेले असले, की फिरत्या चाकातूनच वीज घेता येईल का, हा प्रश्न साहजिकपणे पुढे येतो. चाकाच्या हबमध्ये, म्हणजे आसाभोवतीच्या मधल्या भागात, बसवलेल्या डायनामोने, म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या छोट्या जनित्राने, ती घेता येते. परंतु ती किती मिळते, कोणत्या वेगाला मिळते आणि फोन ती स्वीकारताना मधूनच का थांबतो, हे समजून घ्यायचे असेल, तर ही यंत्रणा मुळात फोनसाठी नव्हे, तर दिव्यासाठी घडली, हे आधी लक्षात घ्यावे लागते.

चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांसापेक्ष हलवले की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिले. सायकलीपर्यंत हे तत्त्व पोहोचायला मात्र बराच काळ जावा लागला. सुरुवातीच्या सायकलींवर तेलाचे दिवे असत. पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पाडून ॲसिटिलीन वायू जाळणारे दिवे आले. त्यांचा उजेड चांगला पडे, पण त्यांची निगा कटकटीची होती. त्यांची जागा घेतली ती टायरच्या बाजूला घासून फिरणाऱ्या, बाटलीच्या आकाराच्या डायनामोने. आपल्याकडे ‘डायनामो’ म्हटले की आजही हेच रूप डोळ्यांसमोर येते. रात्री बिनदिव्याची सायकल चालवणे हा गुन्हा असल्याने चौकात पोलीस अडवत, ही आठवण इंदूरच्या अनेक मराठी घरांतील वडीलधारी मंडळी आजही सांगतात, आणि एकेकाळी मालवा मिल किंवा हुकुमचंद मिल या कापडगिरण्यांच्या पाळ्या सांभाळणाऱ्या या शहरात सायकलीच्या दिव्याला किती महत्त्व असेल, याची कल्पना करता येते.

बाटलीच्या डायनामोत दोन उणिवा होत्या. त्याची छोटी चकती टायरवर दाबून फिरवावी लागत असल्याने घर्षणात बरीच शक्ती वाया जाई, आणि पावसात टायर ओला झाला की चकती घसरून नेमका हवा तेव्हाच दिवा मंदावे. यावर इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील स्टर्मी-आर्चर कंपनीने 1936 मध्ये जो उपाय काढला, तो माझ्या मते सायकलीच्या इतिहासातील अत्यंत विचारपूर्वक केलेल्या रचनांपैकी एक आहे. ‘डायनोहब’ या नावाच्या त्या रचनेत वर्तुळाकार चुंबक थेट चाकाच्या हबमध्ये बसवलेला होता. तो चाकाबरोबर फिरे आणि आतील वेटोळे आसाशी स्थिर राही. चकती नाही, घासणे नाही, घसरणे नाही. त्याची पुढे सर्वाधिक रूढ झालेली आवृत्ती 6 व्होल्ट आणि 1.8 वॅटची होती, आणि ती 1980 च्या दशकापर्यंत तयार होत राहिली. दुरुस्तीच्या वेळी आतला भाग चुंबकातून सरळ बाहेर काढला, तर चुंबक क्षीण होत असे, म्हणून त्या जागी तात्पुरता लोखंडी तुकडा बसवण्याची काळजी घ्यावी लागे. जुन्या सायकलींवर हात बसलेले मिस्त्री हे पथ्य काटेकोरपणे पाळत.

6 व्होल्ट हा आकडा पुढे सर्वत्र स्थिरावला, आणि जर्मनीतील वाहतूक नियमांनी त्याला 3 वॅटची जोड दिली: पुढच्या दिव्याला 2.4 वॅट, मागच्या दिव्याला 0.6 वॅट. या मापामागे एक भौतिक कारण दडलेले आहे. चाक वेगाने फिरू लागले की वेटोळ्यात निर्माण होणारा विजेचा दाब (व्होल्टेज) वाढतो, पण त्याच प्रमाणात त्या प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत पालटणाऱ्या विजेची वारंवारताही (सेकंदाला होणारी आवर्तने) वाढते आणि त्यामुळे वेटोळ्याचा स्वतःचा अटकावही वाढतो. परिणामी विशिष्ट वेगानंतर प्रवाह अर्ध्या ॲम्पियरच्या आसपास अडून राहतो. दिव्याच्या दृष्टीने हे वरदानच होते, कारण उतारावर वेग दुप्पट झाला तरी बल्ब जळून जात नसे. आजच्या हब डायनामोंत चाकाच्या एका फेऱ्यात साधारण तेरा किंवा चौदा आवर्तने होतात. त्यामुळे सपाट रस्त्यावर ताशी 27 किलोमीटरच्या आसपास ही वीज घरातल्या विजेइतकी, म्हणजे 50 हर्ट्झची होते. चढावर ताशी 8 किलोमीटर वेगात ती 15 हर्ट्झवर येते आणि साध्या बल्बचे लुकलुकणे डोळ्यांना स्पष्ट जाणवते.

हब डायनामोचे पुनरुज्जीवन 1990 च्या दशकात झाले. जर्मनीतील ट्यूबिंगन येथे विल्फ्रीड श्मिट यांनी हलका, कमी रोधाचा आणि वर्षानुवर्षे उघडावा न लागणारा हब बाजारात आणला, आणि जपानच्या शिमानो कंपनीने स्वस्त हबांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. जर्मनीत रस्त्यावरच्या बहुतेक सायकलींना डायनामो बंधनकारक होता. 2013 मध्ये नियम बदलून केवळ बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांना मान्यता मिळेपर्यंत तिथे या वस्तूला कायमचा ग्राहक होता, म्हणूनच तिच्यावर एवढी मेहनत घेतली गेली. चांगला हब 3 वॅट वीज देताना सायकलस्वाराकडून साधारण 5 वॅट शक्ती घेतो. सामान लादून निवांत चालवणारा माणूस 100 वॅटच्या आसपास शक्ती लावत असतो, म्हणजे हा भार पायांना फारसा जाणवतही नाही.

दिव्याची ही यंत्रणा फोनपर्यंत पोहोचली ती एका जुळणीमुळे, जी कोणी ठरवून केलेली नव्हती. 1996 मध्ये संगणकांसाठी ठरलेल्या यूएसबी मानकात एका जोडणीतून 5 व्होल्टवर कमाल अर्धा ॲम्पियर प्रवाह देण्याची तरतूद होती. म्हणजे 2.5 वॅट! सायकलीच्या दिव्यासाठी दशकांपूर्वी ठरलेले माप आणि संगणकाच्या जोडणीचे माप जवळजवळ एकच निघाले. पुढील काही वर्षांत पांढरा प्रकाश देणाऱ्या एलईडीने बल्बला मागे टाकले आणि तेवढ्याच 3 वॅटांत कितीतरी अधिक उजेड मिळू लागला. दिवसा दिवा बंद असताना ही वीज मोकळीच होती. नोकियाने 2010 मध्ये केनियात जाहीर केलेला सायकल चार्जर या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यात हब नव्हे, तर जुनाच बाटलीचा डायनामो होता, तो ताशी 6 किलोमीटर वेगापासून चार्जिंग सुरू करी, आणि ताशी 10 किलोमीटरने दहा मिनिटे सायकल चालवली तर सुमारे 28 मिनिटे बोलता येईल, असे कंपनीने सांगितले होते. ज्या गावांत वीज नाही पण सायकल आहे, त्या गावांचा विचार त्यामागे होता.

याच काळात युरोपात प्रवासी सायकलस्वारांसाठी वेगळ्या घडणीचे चार्जर आले. त्यांचे काम वाटते तितके सोपे नाही. डायनामोची वीज प्रत्यावर्ती, म्हणजे आधी डायोडांच्या, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांच्या, पुलातून ती एका दिशेची करावी लागते. लहान प्रवाहात डायोडांमध्ये होणारी घटही लक्षणीय ठरते. दिवा किंवा फोन असा भार नसताना उतारावर दाब कित्येक पटींनी वाढतो, त्यापासून पुढील सर्किटचे रक्षण करावे लागते. वेटोळ्याच्या अटकावावर मात करण्यासाठी काही रचनांत कपॅसिटर हा भाग मालिकेत जोडून अनुनादाचा, म्हणजे विशिष्ट वारंवारतेला वेटोळ्याचा अटकाव कपॅसिटरने रद्द होण्याचा, उपयोग केला गेला. जर्मनीच्या बुश अँड म्युलर कंपनीच्या ‘ई-वेर्क’ या चार्जरमध्ये तर दाब आणि प्रवाह दोन्ही स्वतः निवडण्याची सोय होती. प्रवाह अर्ध्या ॲम्पियरवर अडलेला असला, तरी वेग पुरेसा असेल तेव्हा अधिक दाबावर वीज घेतल्यास 3 वॅटांहून अधिक शक्ती मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

दरम्यान फोन बदलले, आणि खरी अडचण तिथे आहे. जुन्या नोकियाची बॅटरी सुमारे 1000 मिलिॲम्पियर-तासांची, म्हणजे पावणेचार वॅट-तासांची होती. दीड-दोन तास पॅडल मारून ती भरत असे. आजच्या 5000 मिलिॲम्पियर-तासांच्या फोनला 19 वॅट-तास लागतात. चार्जरमधून प्रत्यक्ष 2.5 वॅट मिळत असतील, तर पाच तासांत 12 ते 13 वॅट-तास हाती येतात, आणि बॅटरीत जाताना त्यातूनही काही वाया जातात. शिवाय वीज खंडित होऊन पुन्हा आली की काही फोन प्रत्येक वेळी जागे होऊन पडदा उजळतात, आणि काही तर वीज कमी-जास्त होताना पाहून चार्जिंगच नाकारतात. म्हणून अनुभवी मंडळी फोन थेट हबला जोडत नाहीत. हबने पॉवर बँक भरायची आणि पॉवर बँकेने फोन, अशी त्यांची रीत असते. त्यासाठी अत्यल्प प्रवाहातही भरणे चालू ठेवणारी पॉवर बँक निवडावी लागते.

इंदूरच्या भोवतीचा भूगोल पाहिला, तर या मर्यादांचा अर्थ लगेच कळतो. माळव्याच्या पठारावर ताशी 18 ते 20 किलोमीटर वेग सहज राखता येतो आणि तिथे हब मनाजोगते काम करतो. घाटाखालच्या निमाडातून परत येताना जाम घाटाच्या चढावर वेग 7-8 किलोमीटरवर येतो. बहुतेक चार्जर 12 ते 15 किलोमीटरच्या वेगापासूनच उपयुक्त प्रवाह देऊ लागत असल्याने चढाचा तो सर्व वेळ चार्जिंगच्या हिशेबातून वजा करावा लागतो. घाट उतरताना वेग दुप्पट झाला, तरी साध्या चार्जरला त्याचा फायदा जवळजवळ मिळत नाही, कारण प्रवाह अर्ध्या ॲम्पियरवरच थांबलेला असतो आणि दाब 5 व्होल्टला बांधलेला असतो. अंधार पडल्यावर हीच वीज दिव्याला द्यावी लागते आणि चार्जर बाजूला ठेवावा लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे अंधारात निघून दुपारच्या आत मुक्काम गाठणाऱ्याने चार्जिंगसाठी सूर्योदयानंतरच्या सपाट रस्त्याचाच वेळ धरावा.