आंबत असलेली जिंजर बिअर गाडीतून नेताना

जिंजर बिअरची, म्हणजे आल्याच्या आंबवलेल्या फसफसत्या पेयाची, बरणी लावली आणि दुसऱ्याच दिवशी बाहेरगावी निघायचं ठरलं, असं ती घरी बनवायचा आमचा संच घेणाऱ्या अनेक ग्राहकांचं होतं. गणपतीत तर हमखास. आमचं मत आधीच सांगतो: जमत असेल तर आंबणारी बरणी हलवू नका. यीस्ट घालायच्या आधी न्या, नाहीतर आंबून झाल्यावर फ्रिजमध्ये गार करून न्या. मध्येच न्यावी लागली तर बरणीतूनच, एअरलॉकसकट (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची छोटी झडप) न्या. घट्ट बुचाच्या बाटलीत मात्र कधीच नाही.

यीस्ट जेवढी साखर खातं, त्याच्या जवळपास निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका लिटरमधली १० ग्रॅम साखर आंबली तरी अडीच लिटरच्या आसपास वायू सुटतो. बंद बाटलीत तो जाणार कुठे? त्यात मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी. पेय तापू लागलं की यीस्ट जोरात काम करतं, शिवाय विरघळलेला वायूही बाहेर येतो. काचेची बाटली अशा वेळी फुटते आणि काचा गाडीभर उडतात. म्हणून जेवायला थांबलात तरी गाडी सावलीत लावा.

बरणी पाऊणच भरलेली असू द्या. भोस्ते किंवा परशुराम घाटाच्या वळणांवर, खड्ड्यांत ती हिंदकळते आणि सोड्याची बाटली हलवल्यासारखा फेस वर चढतो. निघण्यापूर्वी बरणी हळूहळू गोल फिरवून साठलेला वायू एअरलॉकमधून जाऊ द्या. मग बादलीत ठेवून भोवती जुने टॉवेल घट्ट कोंबा, आणि बादली पुढच्या सीटमागे खाली ठेवा. मांडीवर धरून कोणी बसू नये.

घाटावर जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. आंबा घाट चढताना बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, एअरलॉक जास्त बुडबुडतो, घाबरू नका. कोल्हापूरहून खाली उतरताना उलटं होतं. आंबणं मंदावलेलं असेल तर एअरलॉकमधलं पाणी बरणीत ओढलं जाऊ शकतं. त्यामुळे त्यात उकळून गार केलेलंच पाणी घाला, तेही निम्म्यापर्यंत.

खिडकी थोडी उघडी ठेवा. एसी हवाच असेल तर बाहेरची हवा आत घेणारं बटण लावा. बरणीतून सुटणारा वायू बंद गाडीत साठू देऊ नये.

आंबण्यात थोडं अल्कोहोल तयार होतंच, आणि दिवस वाढले की वाढतं. गाडी चालवणाऱ्याने वाटेत चव घेऊ नये, लहान मुलांना देऊ नये. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य बनवता येत नाही. आमचा संच सौम्य पेयासाठी आहे, तेव्हा पत्रकातल्या दिवसांपेक्षा जास्त आंबवू नका.

पोहोचल्यावर बरणी सावलीत ठेवून रात्रभर निवळू द्या. गाळ खाली बसल्यावरच बाटल्या भरा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा.