वाळूचा खोल थर (सागरी मत्स्यालयातील)

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात तळाशी बारीक वाळूचा सुमारे १० ते १५ सेंमी. जाडीचा थर राखून पाण्यातील नायट्रेट सूक्ष्मजंतूंकरवी कमी करण्याची पद्धत. छांदिष्टांमध्ये ती ‘डीप सँड बेड’ किंवा ‘डीएसबी’ या नावाने रूढ आहे. केवळ शोभेसाठी पसरलेली दोन-तीन सेंमी. वाळू यात मोडत नाही.

पद्धतीच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. सामान्यतः फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाँ झोबेर यांच्याकडे श्रेय जाते. त्यांनी १९८० च्या दशकात मोनॅकोत विकसित केलेली रचना १९८९ मध्ये शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध झाली. तीत काचेच्या तळापासून थोडी उंच जाळी बसवून वर जाड कणांचा थर देत आणि जाळीखाली संथ पाण्याची पोकळी ठेवत. या पोकळीला प्लेनम म्हणतात. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ रोनाल्ड शिमेक यांनी पुढे प्लेनम वगळला, कण अधिक बारीक घेतले आणि वाळूतील जिवांना मध्यवर्ती स्थान दिले. काही जण या बदलास झोबेर पद्धतीची सुधारणा मानतात. परंतु एकीत भर विसरणावर (विरघळलेले पदार्थ पाण्यात आपोआप पसरण्यावर) आहे, तर दुसरीत कृमींच्या उकराउकरीवर. त्यामुळे दोन्ही स्वतंत्र धरणे अधिक सयुक्तिक वाटते. प्लेनमच्या उपयुक्ततेचा वाद बरीच वर्षे चालला. टूनन आणि वी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक प्रयोगांत मात्र त्याने लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. जुन्या ‘अंडरग्रॅव्हल’ गाळणीशी या दोन्हींची गल्लत करू नये. तीत पंपाने पाणी खेचले जात असल्याने ऑक्सिजन तळापर्यंत पोहोचतो आणि विनायट्रीकरणाला (नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर होण्याला) वावच उरत नाही.

थराच्या वरच्या भागात वायुजीवी (ऑक्सिजनवर जगणारे) जंतू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खाली ऑक्सिजन संपला की इतर जंतू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि अखेर नायट्रोजन वायू निघून जातो. काचेलगत अडकलेले बारीक बुडबुडे बहुधा त्याचेच. त्याहून खोल भागात सल्फेटावर जगणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असल्याने त्यांना कच्च्या मालाची वाण नसते. काचेतून दिसणारे काळे पट्टे लोह सल्फाइडाचे असून ते बिघाडाचे लक्षण नव्हे. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वर झिरपताना बहुतांशी ऑक्सिडीभूत होतो. ‘थर फुटून’, म्हणजे हा वायू एकदम सुटून, टाकीतील जीव मेल्याच्या कथांमागे पुष्कळदा कोणीतरी वाळू ढवळलेली असते, असे मानण्यास जागा आहे.

वाळू शक्यतो ॲरागोनाइटाची (कॅल्शियम कार्बोनेटाच्या एका खनिजाची), १ मिमी.पेक्षा बारीक घेतात. १०० × ५० सेंमी. तळावर १२ सेंमी. थर म्हणजे ६० लिटर वाळू, अर्थात ८०-९० किलो. टाकीचा स्टँड विकत घेताना हा हिशेब हमखास विसरला जातो. खडक थेट वाळूवर न रचता तळापासून आधार देऊन बसवतात, अन्यथा बिळे करणारे मासे ते ढासळवतात. वाळू सायफनने खोलवर उपसत नाहीत. ते काम शूकी (अंगावर राठ केस असलेले) कृमी, नासॅरियस गोगलगायी व बारीक कवचधारी करतात. अन्न टाकताच वाळूतून नासॅरियसची सोंड वर येते आणि क्षणात सगळी गोगलगाय. काचेलगत सुतासारखी बिळे दिसत असतील तर थर जिवंत आहे. ती विरळ झाली की बाहेरून नवी जिवंत (सूक्ष्मजीव व कृमी असलेली) वाळू मूठभर घालतात. वाळू चाळणारा तारामासा (ॲस्ट्रोपेक्टेन) आणि व्हॅलेन्सिनिया गोबी हे मासे ‘सफाई कामगार’ म्हणून विकले जातात, पण ते हीच प्राणिसंपदा फस्त करतात.

फॉस्फेट ही पद्धतीची खरी मर्यादा. त्याला नायट्रोजनासारखी वायुरूप वाट नाही. ते ॲरागोनाइटावर साचते आणि काही वर्षांनी शैवालवाढीच्या रूपाने डोके वर काढते. जुना थर बदलायचा झाल्यास एकेक पट्टा, मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून काढतात. सगळा एकदम काढायचाच असेल, तर आधी मासे व प्रवाळ दुसऱ्या टाकीत हलवतात आणि ढवळलेले पाणी पुन्हा वापरत नाहीत.