रेशनच्या तांदळात 'प्लॅस्टिकचे दाणे'?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो: रेशन-अंगणवाडीच्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे असतात, लेकरांना घालू नका.

ते दाणे तांदळाच्याच पिठाचे. पिठात लोह, फॉलिक अॅसिड, बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून दाण्याचा आकार देतात. साधारण १०० किलो तांदळात असे दाणे १ किलो. रंग थोडा वेगळा, कधी पाण्यावर तरंगतात, म्हणून शंका येणं साहजिक आहे. दहा दाणे वेगळे शिजवा: मऊ होऊन बोटांत चुरडतात. प्लॅस्टिक शिजत नाही. निवडून टाकले, तर लोहही गेलं.

मात्र नुसत्या या भातानं लेकराची उंची वाढत नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. पुढे त्यासोबत मऊ भातात डाळ, तूप, अंडं हवंच. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.